पोर्तुगाल नाटोत होता, तरी १९६१ साली नाटो गोव्यासाठी का धावली नाही?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. मुक्तिदिनाला, १९ डिसेंबरला, गावच्या वाचनालयात फलक लावायचे ठरले आहे. त्यातला एक ‘पोर्तुगालचे मित्र कुठे होते?’ या विषयावर आहे. जागा दीडशे शब्दांची आणि एका नकाशाची. चर्चेला बसलो तर तीन तोंडे तीन दिशांना. एक म्हणतो रशियाच्या नकाराधिकारामुळे नाटो थांबली, दुसरा म्हणतो अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी भारताच्या बाजूने होते, तिसरा म्हणतो नाटोचा करार फक्त युरोपपुरता आहे.

मला नेमके हवे आहे ते असे. कोणत्या कलमामुळे गोवा कराराबाहेर राहिला? नाटोत मदत मागायची रीत काय असते? इंग्लंड आणि पोर्तुगाल यांचा म्हणे सहाशे वर्षांचा करार आहे, त्याचे काय झाले? आणि फलकावर काय लिहू नये तेही सांगा, कारण पहिल्याच दिवशी कोणीतरी निवृत्त मास्तर येऊन चूक दाखवणार हे नक्की.

---

कर्कवृत्त

नाटो म्हटले की सगळे पाचवे कलम सांगतात. तुमचे उत्तर सहाव्या कलमात आहे.

उत्तर अटलांटिक करार ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. कलमे अवघी १४. मूळच्या १२ देशांत पोर्तुगाल होता. पाचवे कलम म्हणते की एकावरचा सशस्त्र हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल. पण त्याच वाक्यात ‘युरोप किंवा उत्तर अमेरिकेत’ हे शब्द आहेत, ते आपण सवयीने गाळतो. सहावे कलम ती हद्द आखून देते: सदस्यांचा युरोपातला किंवा उत्तर अमेरिकेतला भूप्रदेश, फ्रान्सचे अल्जीरियातले प्रांत, आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटे. तुर्कस्तान आणि ग्रीस १९५२ साली आत आले तेव्हा तुर्कस्तानचा भूप्रदेश मुद्दाम नाव घालून जोडावा लागला, कारण त्याचा बराचसा भाग आशियात. अल्जीरियाचा उल्लेख १९६२ च्या जुलैपासून निरर्थक झाला.

आता गोवा बघा. खंड आशिया, म्हणजे पहिल्याच अटीत बाद. बेटांची सवलत अटलांटिकला, तीही कर्कवृत्ताच्या वर. पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला, दमण आणि दीव वीस-एकवीस अंशांच्या आसपास, कर्कवृत्त साडेतेवीसला. कुठल्याच बाजूने बसत नाही.

फलकासाठी सगळ्यात चांगले उदाहरण केप व्हर्देचे. तीही तेव्हा पोर्तुगालचीच बेटे, तीही अटलांटिकमध्येच. पण पंधरा-सोळा अंशांवर, जवळजवळ पणजीच्या रेषेत, म्हणून कराराबाहेर. अझोर्स आणि माडेरा कर्कवृत्ताच्या वर, म्हणून आत. देश एक, महासागर एक, झेंडा एक, आणि तरी एक बेट आत, दुसरे बाहेर. याचा अर्थ गोव्याशी कोणाचा खास आकस नव्हता. १९४९ साली अमेरिकेला युरोपियन वसाहतींची राखण अंगावर घ्यायची नव्हती, म्हणून कुंपण असे घातले गेले. त्याच कुंपणामुळे अमेरिकेचे स्वतःचे हवाई राज्य आजही पाचव्या कलमाच्या शब्दांत बसत नाही.

सहाव्या कलमाचा दुसरा भाग सैन्य, जहाजे आणि विमाने यांचा आहे, तोही वाचा. ती भूमध्य समुद्रात, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या अटलांटिक क्षेत्रात किंवा वर सांगितलेल्या भूप्रदेशांत असतील तरच संरक्षण. म्हणून मुरगावला नांगरलेली ‘आफोन्सो द आल्बुकेर्के’ ही पोर्तुगीज युद्धनौका सदस्य देशाची असूनही या कलमात येत नव्हती. उलट करार लागू झाला त्या दिवशी युरोपात जिथे ताबा-फौजा (महायुद्धानंतर मुलूख ताब्यात ठेवणारी मित्रराष्ट्रांची सैन्ये) तळ ठोकून होत्या ती जागा त्यात येत होती, म्हणजे पश्चिम बर्लिन. बर्लिनची भिंत उभी राहिली ऑगस्ट १९६१ मध्ये. नाटोच्या मंत्र्यांची बैठक पॅरिसमध्ये १३ ते १५ डिसेंबरला होती, आणि त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न बर्लिन हाच होता. दोन दिवसांनी १७-१८ च्या रात्री ऑपरेशन विजय, म्हणजे भारताची गोव्यातली लष्करी कारवाई, सुरू झाले. ही तारखांची जोडी फलकावर घ्या, लोक थांबून वाचतील.

---

पाटो_पूल

वरचे बरोबर. मी मदत मागण्याच्या रीतीबद्दल लिहितो, कारण गैरसमज तिथे जास्त आहेत.

नाटोत मतदान होत नाही. उत्तर अटलांटिक परिषदेत प्रत्येक सदस्याचा एक प्रतिनिधी बसतो आणि निर्णय सर्वांच्या संमतीने होतो. नेहमीची पद्धत अशी की मसुदा सगळ्या राजधान्यांकडे जातो, एक वेळ ठरवून दिली जाते, आणि त्या वेळेपर्यंत कोणी लेखी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. याला मौनाची मुदत म्हणतात. एकाने जरी मौन मोडले तरी कागद पुन्हा टेबलावर. म्हणून ‘नाटोने ठराव फेटाळला’ असे लिहू नका. तिथे बहुतेक गोष्टी फेटाळल्या जात नाहीत, त्या मंजुरीपर्यंत पोचतच नाहीत.

दार दोन आहेत. चौथे कलम सल्लामसलतीचे: भूप्रदेशाची अखंडता, राजकीय स्वातंत्र्य किंवा सुरक्षितता धोक्यात आहे असे एखाद्या सदस्याला वाटले की बैठक मागता येते. या कलमाला भूगोलाची अट नाही. गोव्याबद्दल बोलण्यासाठी पोर्तुगालला हे दार उघडे होते. पण त्यातून मिळते ती चर्चा, पलटण नव्हे.

पाचव्या कलमातही ‘सगळ्यांनी सैन्य पाठवावे’ असे कुठेच नाही. प्रत्येक देश ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करील, त्यात सशस्त्र बळाचा वापरही आला, एवढेच म्हटले आहे. निषेधाचा खलिता पाठवूनही कोणी कलम पाळल्याचा दावा करू शकतो. हे शब्द अमेरिकन सिनेटच्या काळजीने आले. युद्ध पुकारण्याचा काँग्रेसचा अधिकार कोणत्याही करारात आपोआप जाऊ नये ही ती काळजी.

प्रत्यक्षात ते एकदाच लागू झाले आहे. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, १२ सप्टेंबर २००१ ला परिषदेने म्हटले की हल्ला परदेशातून घडवला गेला असे सिद्ध झाल्यास पाचवे कलम लागू. तो पुरावा मांडला गेल्यावर २ ऑक्टोबरला शिक्कामोर्तब झाले, आणि ४ ऑक्टोबरला आठ उपाय ठरले: गुप्त माहितीची देवाणघेवाण, हवाई हद्दीतून उड्डाणाची मुभा, बंदरे आणि धावपट्ट्या वापरायला देणे वगैरे. टेहळणीची सात अवाक्स विमाने अमेरिकेच्या आकाशात फिरली. युरोपने अमेरिकेची राखण केली, हा उलटा प्रकार करार लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

घोटाळा कसा होतो त्यासाठी २००३ चे तुर्कस्तान बघा. इराक युद्धाच्या तोंडावर तुर्कस्तानच्या बचावाची तयारी सुरू करायची होती. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियमने १० फेब्रुवारीला मौन मोडले. तुर्कस्तानने चौथे कलम काढले. तरीही गाठ सुटेना. शेवटी प्रश्न संरक्षण नियोजन समितीकडे नेला, कारण फ्रान्स १९६६ पासून एकत्रित लष्करी रचनेबाहेर होता आणि त्या समितीत बसत नव्हता. तिथे १६ फेब्रुवारीला निर्णय झाला. फ्रान्स २००९ मध्ये परतला, पुढच्या वर्षी ती समितीच बंद झाली, म्हणजे ती पळवाट आता उरलेली नाही.

---

तेरेखोल

इंग्लंडचा भाग माझ्याकडे. माझ्या मते तुमच्या फलकाचा खरा विषय हाच आहे, कारण कागदावर गोव्याला लागू पडणारा करार नाटोचा नव्हता, हा होता.

पहिला तह १३७३ चा, विंडसरचा तह १३८६ चा. मग १६४२, १६५४ आणि १६६१. यातला १६६१ चा आपल्याला शाळेपासून माहीत आहे: ब्रागांझाच्या कातारिनाचे दुसऱ्या चार्ल्सशी लग्न आणि मुंबई आंदण. त्याच तहात एक गुप्त कलम होते. त्यात इंग्लंडच्या राजाने पोर्तुगालच्या सगळ्या जिंकलेल्या मुलखांचे आणि वसाहतींचे रक्षण करण्याचे वचन दिले, आताच्या आणि पुढे होणाऱ्याही शत्रूंपासून. तेव्हाचा शत्रू डच. म्हणजे मुंबई घेताना इंग्रजांनी गोव्याची हमी दिली होती, हे कागदावर आहे.

ते जुने म्हणून सोडून द्यायची सोय नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी पोर्तुगीज मोझांबिकमधून शस्त्रे जाऊ नयेत म्हणून इंग्रजांना पोर्तुगालची गरज पडली, तेव्हा १४ ऑक्टोबर १८९९ च्या गुप्त घोषणेत हेच वचन पुन्हा मान्य केले गेले. १९४३ मध्ये अझोर्सचे तळ हवे होते, तेव्हा चर्चिलनी १२ ऑक्टोबरला संसदेत थेट १३७३ च्या तहाचा दाखला दिला. त्या सौद्यात ब्रिटनने, आणि पाठोपाठ अमेरिकेनेही, पोर्तुगीज वसाहतींवरील सार्वभौमत्वाचा मान राखण्याची लेखी हमी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारला दिली. (त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटिशांच्या माणसांनी मुरगाव बंदरात घुसून ‘एरेनफेल्स’ हे जर्मन जहाज संपवले होते. पोर्तुगाल तटस्थ, बंदर मित्राचे. इतक्या जुन्या मैत्रीत एवढे चालते!)

म्हणजे कामाच्या वेळी तह जिवंत. १९५४ पासून भारताचा दबाव वाढला तेव्हा ब्रिटनने लिस्बनला स्पष्ट केले की मध्यस्थीपलीकडे अपेक्षा ठेवू नका. १९६१ मध्ये अडचण आणखी उघड झाली: भारत कॉमनवेल्थचा सदस्य, आणि कॉमनवेल्थमधल्या देशाविरुद्ध ब्रिटन शस्त्र उचलणार नाही. दोन मैत्र्या आमनेसामने आल्या, मोठी निवडली गेली.

सालाझारने १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना पाठवलेला संदेश या प्रकाशात वाचा. किमान आठ दिवस तग धरा, असे त्यात होते. आठ दिवसांत गोवा लष्करी बळावर वाचणार नव्हता हे लिस्बनलाही कळत होते. ते आठ दिवस दूतावासांसाठी आणि न्यूयॉर्कसाठी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांसाठी, हवे होते. प्रत्यक्षात दोन दिवसही पुरे झाले नाहीत.

---

साष्टीचो_सुणो

कर्कवृत्त बाब, कलमे मान्य. पण सगळे भूगोलावर ढकलू नका. सहावे कलम बंधन कुठे आहे ते सांगते, कुठे जायला मनाई आहे ते सांगत नाही. मनाई असती तर १९९९ ला कोसोव्हो आणि २००३ ला काबूल कसे झाले? इच्छा असती तर कोणीही सदस्य स्वतःहून जहाज पाठवू शकत होता.

ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचे फॉकलंड बेटांवरचे युद्ध घ्या. १९८२, दक्षिण अटलांटिक, कर्कवृत्त तर सोडाच, विषुववृत्ताच्याही खाली. पाचवे कलम लागू नाही, कोणी काढलेही नाही. तरी अमेरिकेने ब्रिटनला साइडवाइंडर क्षेपणास्त्रे दिली आणि असेन्शन बेटावरच्या धावपट्टीवर इंधन दिले. उलट १९५६ ला इजिप्तच्या सुएझ कालव्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्स सैन्य घेऊन गेले, तर अमेरिकेने पौंडाची कोंडी करून त्यांना परत आणले. तिन्ही ठिकाणी करार तोच. फरक पडला तो समोर कोण आहे आणि वॉशिंग्टनचे गणित काय आहे यामुळे.

आणि केनेडी भारताच्या बाजूने होते हे फलकावर लिहाल तर पहिल्या तासात पकडले जाल. सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबरला काय झाले ते तपासा.

---

कर्कवृत्त

सुणो बाब, मुद्दा पटला. ‘कलमामुळे गेले नाहीत’ असे मी म्हणणार नाही. ‘न जाण्याची सोय कलमाने आधीच करून ठेवली होती’ एवढेच. पाचव्या कलमाच्या हद्दीत असलेल्याला टाळले तर सगळी नाटो पोकळ ठरते, बर्लिनमधला माणूसही घाबरतो. हद्दीबाहेरच्याला टाळले तर तो फक्त त्याचाच प्रश्न राहतो. १९६१ मध्ये हा फरक फार मोलाचा होता.

सुरक्षा परिषदेचे आकडे देतो. सदस्य तेव्हा ११. युद्धबंदी करा आणि भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणला. चौघेही नाटोचे! बाजूने ७ मते: हे चार, शिवाय चिली, इक्वेडोर आणि तैपेईचे चीन सरकार. विरोधात ४: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सोव्हिएत मत विरोधात म्हणजे नकाराधिकार, ठराव पडला. त्याआधी सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा पोर्तुगालने वसाहती सोडाव्यात अशा आशयाचा ठराव ४ विरुद्ध ७ मतांनी पडला होता. अमेरिकेच्या अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांचे त्या दिवशीचे भाषण भारतावर चांगलेच कडक होते.

म्हणून डिचोलीकर, तुमच्या मंडळातल्या पहिल्या दोघांचेही थोडे थोडे चुकते. नकाराधिकाराने ठराव अडला, नाटो नव्हे. पाचवे कलम वापरायला सुरक्षा परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही. ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या कलमातल्या स्वसंरक्षणाच्या हक्कावर उभे आहे, नंतर कळवायचे असते. दोन्ही इमारती वेगळ्या, कागद वेगळे.

---

तेरेखोल

केनेडींबद्दल भर. १५ मार्च १९६१ ला अंगोलाच्या ठरावावर अमेरिकेने सुरक्षा परिषदेत पोर्तुगालच्या विरोधात मत दिले होते, सोव्हिएत संघाच्या बरोबरीने. लिस्बनला तो धक्का मोठा. म्हणून ‘केनेडी आमचे’ असा समज आपल्याकडे पसरला. पण गोव्यावर बळ वापरू नका असाच त्यांचा आग्रह होता, राजदूत गालब्रेथ दिल्लीत कारवाई लांबवण्यासाठी धडपडत होते. दुसरीकडे अझोर्समधल्या अमेरिकेच्या लाजेस हवाई तळाचा १९५१ चा करार वाढवून वाढवून १९६२ अखेरीस संपणार होता. पोर्तुगालला फार दुखवले तर तळ धोक्यात, फार कुरवाळले तर आफ्रिका-आशियातली नवी राष्ट्रे दुरावणार. परिणाम असा की मत पोर्तुगालला, मदत कोणालाच नाही.

त्याआधी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्या यांच्याबरोबर निवेदन काढून या मुलखांना ‘पोर्तुगीज प्रांत’ म्हटले होते. त्याच सुमारास भारतात आलेले ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन गोव्यावर उघड भारताच्या बाजूने बोलत होते. १९६१ च्या मतांची मांडणी तेव्हाच दिसू लागली होती.

---

डिचोलीकर

सगळ्यांचे आभार. मसुदा असा केला आहे, चुका काढा:

“पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य होता. गोवा वाचवण्यासाठी त्याने नाटोकडे मदत मागितली, पण नाटोने ती नाकारली. कारण नाटो करार फक्त युरोपातील देशांना लागू होतो. ब्रिटनने १३७३ चा तह मोडला. अमेरिका तटस्थ राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालने गोव्यावरील हक्क सोडला.”

नवीन मुलांचा आणखी एक प्रश्न आहे. ग्रीनलँडचे सध्या ऐकतो, ते या कुंपणाच्या आत की बाहेर?

---

पाटो_पूल

सहा वाक्ये, पाच दुरुस्त्या. रागावू नका.

“मदत मागितली, नाकारली” यातून अर्ज आणि निकाल असे चित्र तयार होते. “गोवा नाटोच्या संरक्षण-क्षेत्रात येत नव्हता, त्यामुळे सदस्यांवर मदतीचे बंधन नव्हते” असे करा. “फक्त युरोपातील देशांना” चुकीचे, अमेरिका आणि कॅनडा मूळ सदस्य आहेत. “सदस्यांच्या युरोप व उत्तर अमेरिकेतील भूप्रदेशांना आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक बेटांना” असे घाला. “तह मोडला” हा आरोप आहे, ब्रिटनने तो रद्दही केला नाही आणि आजही दोन्ही देश तो मिरवतात. “तहातील जुन्या वचनानुसार लष्करी मदत दिली नाही” पुरे, आणि साल १३७३ ऐवजी १६६१ द्या, कारण वसाहतींचे वचन त्यात आहे. “अमेरिका तटस्थ” नाही, तिने भारताविरुद्ध मत दिले. शेवटचे वाक्य सगळ्यात गंभीर: त्या दिवशी वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली, लिस्बनने हक्क सोडला नाही. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ची क्रांती झाली, त्यानंतर ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने त्यांनी भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मधली तेरा वर्षे गाळलीत तर मास्तर येणारच.

ग्रीनलँड आत आहे. डेन्मार्कचा भाग, उत्तर अमेरिका खंड, भूगोलाचा काही प्रश्नच नाही. अमेरिकेचा तिथला तळ १९५१ च्या डेन्मार्कबरोबरच्या वेगळ्या करारावर चालतो. पेच दुसराच: सदस्यानेच सदस्यावर हात टाकला तर काय, याची रीत करारात नाही. पहिले कलम वाद शांततेने सोडवा म्हणते. हकालपट्टीचे कलम नाही, आणि निर्णय सर्वसंमतीने असल्यामुळे ज्याच्याबद्दल तक्रार तोही टेबलावर बसलेला असतो. १९७४ ला सायप्रसवरून ग्रीस आणि तुर्कस्तान भिडायच्या बेतात आले, तेव्हा नाटो कोणाचीच बाजू घेऊ शकली नाही. ग्रीस चिडून लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि १९८० ला परतला. सदस्यत्व मात्र सोडले नाही. ते सोडायचे तर तेराव्या कलमाप्रमाणे अमेरिकन सरकारला सूचना द्यावी लागते आणि एक वर्ष थांबावे लागते.

---

कर्कवृत्त

नकाशाबद्दल एक. जगाचा नकाशा घ्या, भारताचा नको. कर्कवृत्त लाल रंगाने आणि ठळक. भारतात ते गांधीनगरच्या किंचित उत्तरेकडून जाते, त्यामुळे दीव रेषेच्या खाली दिसले पाहिजे; घाईत ते वर काढले जाते. अझोर्स आणि माडेरा हिरवी, केप व्हर्दे, गोवा, दमण, दीव करडी. पश्चिम बर्लिनवर हिरवा ठिपका. पणजीपासून केप व्हर्देपर्यंत एक तुटक आडवी रेषा ओढा, आफ्रिकेवरून जाईल, जाऊ दे. आणि पोर्तुगीज तिमोर विसरू नका, तेही करडेच.